पालखी येईपर्यंत नाव आलं पाहिजे!

मैत्रिणींनो, जून उजाडला की तुमच्या घरात काय गडबड उडते ते मला चांगलं ठाऊक आहे. दप्तर, रेनकोट, वह्यांना खाकी कव्हरं, आणि वर "शाळेत बाई मारतात हं, आतापासून शहाण्यासारखं वाग" हा आहेर! तेवढं शेवटचं वाक्य यंदा गाळाल का?

मी श्रीपूरला पहिलीचा वर्ग घेते. माळशिरस तालुक्यातलं हे साखर कारखान्याचं गाव. कारखान्यातल्या फिटरचा मुलगा, बागायतदाराची मुलगी आणि शेतमजुराची पोरं माझ्याकडे एकाच सतरंजीवर बसतात. घरची बोली प्रत्येकाची निराळी.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने पहिल्याच दिवशी फळ्यावर 'अ' काढला. एवढ्यात एक मुलगा उभा राहिला. "बाई, पानी प्यायला जाऊ?" मी हसून म्हटलं, "पानी नाही रे, पाणी!" सगळा वर्ग हसला. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो मुलगा गणपतीपर्यंत वर्गात तोंड उघडेना. दोनदा चड्डी ओली झाली, तरी "जाऊ का" म्हणून विचारलं नाही. त्याची आई येऊन म्हणाली, "बाई, घरी लई बोलतंय की पोरगं, हितंच काय झालंय?" मी तिला खरं कारण सांगितलं नाही. ते अजून सलतं.

तेव्हापासून पहिला आठवडा अक्षर नाही आणि कोणाचं बोलणं सुधारणंही नाही. आधी शाळेची ओळख. नळ कुठे, संडास कुठे, घंटा कोण वाजवतं, हे चौथीतली एखादी ताई किंवा दादा हात धरून दाखवतो. माझ्यापेक्षा त्यांचं मुलं जास्त ऐकतात!

मग नावाची पाटी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी प्रत्येकाचं नाव ठसठशीत लिहिते. शेजारी मूल स्वतःची खूण निवडतं: बैल, आंबा, ट्रॅक्टर. (ट्रॅक्टरवरून दरवर्षी भांडणं होतात, म्हणून लाल ट्रॅक्टर, निळा ट्रॅक्टर असे दोन-तीन तयारच ठेवते.) दाराशी दोरी बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. आल्यावर आपली पाटी शोधायची आणि दोरीला लावायची, झाली हजेरी! हळूहळू मी खुणेची बाजू दुमडत जाते. मग नाव पाहूनच पाटी ओळखावी लागते.

यासाठी आमची मुदत ठरलेली असते. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून माळीनगरवरून बोरगावच्या मुक्कामाला आमच्या वाटेने जाते. तोवर आपलं नाव आलंच पाहिजे. ज्या वर्षी ज्येष्ठ अधिक येतो, त्या वर्षी महिनाभराची सूट! पाटी छातीला टाचून मुलं रस्त्याकडेला उभी राहतात. एखादी वारकरी आजी विचारते, "माउली, नाव काय तुझं?" आणि पोरगं अक्षरांवर बोट फिरवत नाव सांगतं. तेव्हा त्याच्या आईचा चेहरा बघावा.

मोजायला मी चिंचोके आणायला सांगते, घरून वीस-वीस. ही युक्ती काही माझी नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला आणि पुढे कोसबाडला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं, ते असल्याच बिनपैशाच्या साधनांवर. बिया, पानं, खडे. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली.

आमच्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सगळे त्यांच्या क्यूआर कोडबद्दल बोलतात. मला मात्र जास्त भावलं ते त्यांनी पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणली हे. माझ्या 'पानी'ची आठवण झाली!

आता तुमच्याकडून काय हवं? मूल मुळाक्षरं घोकून आलं नाही तरी चालेल. पण डब्याचं झाकण त्याला स्वतःला उघडता येऊ दे, चड्डीचं बटण लावता येऊ दे. झाकण घट्ट बसलं म्हणून उपाशी घरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. संध्याकाळी "आज काय शिकवलं?" असं दरडावून विचारू नका. "आज कोणाशेजारी बसलास?" असं विचारा, भडाभडा बोलेल.

दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात, आणि त्यांची काही मुलं माझ्या वर्गात येऊन बसतात. त्यांचा जून तेव्हा असतो, आणि पट्टा पडला की ती निघून जातात. त्यांच्यासाठी दहा-बारा कोऱ्या पत्रिका कपाटात बाजूला ठेवलेल्या असतात, पण गेल्या वर्षी त्या कमी पडल्या. तुमच्याकडे जुन्या पत्रिका असतील तर रद्दीत घालण्याआधी जवळच्या शाळेतल्या बाईंना एकदा विचारून बघा.