मोडीत निघालेला संगणक

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा नावाचा औद्योगिक विभाग आहे. रंगाई-छपाईच्या गिरण्या, यंत्रमागांची खडखड आणि कामगारांच्या दाट वस्त्या असे त्याचे रूप. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या लोहमार्गाने पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरतेच्या या बाजूस स्थिरावली आहेत. त्यांच्या शेजारी ओरिसातील, आंध्र-तेलंगणातील आणि उत्तर हिंदुस्थानातील कुटुंबे राहतात. म्हणूनच सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया व तेलुगू या माध्यमांच्याही शाळा चालवते.

जुने यंत्र म्हणजे निरुपयोगी यंत्र नव्हे, हे या वस्तीला निराळे सांगावे लागत नाही. माग जुना झाला म्हणून कोणी तो लागलीच भंगारात घालत नाही. झिजलेला भाग बदलतात, तेल देतात आणि माग पुन्हा चालू लागतो. हे शक्य होते, कारण मागाचे अंतरंग कारागिरापासून लपलेले नसते. कचेरीतील संगणकाच्या वाट्यास मात्र हे भाग्य क्वचितच येते. त्याचे सुटे भाग धडधाकट असतात. पण त्याला चालविणारी कार्यप्रणाली ज्या कंपनीची, तिने हात आखडता घेतला की यंत्र मोडीत निघते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली सुरक्षेसाठी जी विशिष्ट चिप मागते, ती कित्येक जुन्या यंत्रांत नाही. अशी यंत्रे बिघडलेली नसतात, केवळ निराधार झालेली असतात.

त्यांना आधार देणारी दुसरी व्यवस्था चाळीस वर्षांपासून उभी राहत आली आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. या दोहोंच्या मिलाफातून डेबियन, उबुंटू इत्यादी प्रणाली निघाल्या. त्यांना मुक्त म्हणतात ते केवळ फुकट मिळतात म्हणून नव्हे. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिची घडण वाचून बदलावी, तिची प्रत शेजाऱ्यास द्यावी आणि सुधारलेली प्रतही वाटावी, असे चार अधिकार त्यांत वापरणाऱ्यास मिळतात. मागाचे झाकण उघडण्याचा कारागिराचा जो हक्क, तोच हा हक्क होय.

जुना संगणक मुलांसाठी सिद्ध करण्याची रीत अवघड नाही. प्रथम त्यातील धूळ काढावी. पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी कापडाचे सूक्ष्म तंतू पंख्यात अडकून यंत्र तापते, म्हणून ही सफाई दर काही महिन्यांनी करणे अगत्याचे आहे. आतील घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर ती बदलावी. तारीख चुकली की इंटरनेटवरील सुरक्षित पाने उघडत नाहीत. मागील मालकाची कागदपत्रे हार्ड डिस्कवरून कायमची पुसावीत, कारण नुसती ‘डिलीट’ केलेली माहिती पुष्कळदा परत मिळविता येते. रॅम निदान २ जीबी असावी, ४ असल्यास उत्तम. जुनी फिरती डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली तर यंत्राचा वेग लक्षणीय वाढतो. प्रोसेसर ६४ बिटांचा आहे ना, हेही पाहावे. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी नव्या प्रणाली दुर्मीळ होत चालल्या आहेत आणि डेबियननेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांचा स्थापना-संच देणे बंद केले आहे.

नंतर दुसऱ्या संगणकावरून प्रणालीची प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवावी आणि जुने यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावे. अनेक प्रणाली डिस्कला हात न लावता अशा रीतीने चालवून पाहता येतात. पडदा, आवाज आणि वाय-फाय ठीक चालले, तरच कायमची स्थापना करावी. जुन्या यंत्रास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप मानवतो. मुलांसाठी वेगळे खाते उघडावे आणि मुख्य पासवर्ड मोठ्यांनी आपल्याजवळ ठेवावा. लेखनासाठी लिबरऑफिस, चित्रांसाठी टक्स पेंट, अंक-अक्षरांच्या खेळांसाठी जीकॉम्प्रि ही साधने विनामूल्य मिळतात. घरी इंटरनेट नसल्यास किविक्स या साधनाने मराठी विकिपीडियाची प्रत संगणकातच साठविता येते.

आता भाषेचा प्रश्न. येथे या प्रणालीचा एक गुण पांडेसऱ्यास विशेष उपयोगी आहे. एकाच यंत्रावर प्रत्येक खात्याची भाषा निराळी ठेवता येते. शिवाय भारतीय लिपींसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाचा जो कळफलक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात घेतला, त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, आणि सर्व लिपींत त्यांच्या जागा सामान्यतः त्याच आहेत. ज्या कळीवर मराठी मुलाचा ‘क’ उमटतो, तीच कळ गुजराती, उडिया व तेलुगू ‘क’ची. शाळेत मराठी शिकून बाजारात गुजराती वाचणाऱ्या मुलास एकदा बसलेला बोटांचा सराव दोन्ही भाषांत कामी येतो.

अल्प शक्तीच्या यंत्रावर मराठी मुले शिकू शकतात, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे लहान लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्यांत २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण एवढाच संसार होता, आणि तो लिनक्सवर चालत असे. केरळ राज्याने तर २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून पुढे आपल्या शाळांचे संगणकशिक्षण मुक्त प्रणालींवर आणले.

परंतु यंत्र दिले की विद्या आली, असा समज करून घेणे घातक ठरेल. पेरू देशात याच लॅपटॉपांचा ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार गणित व भाषा यांच्या गुणांत वाढ आढळली नाही. केरळने प्रणालीबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षणही हाती घेतले होते. यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. दहा संगणक वाटून विसरण्यापेक्षा दोनच संगणक चालू ठेवणे आणि त्यांच्याजवळ बसणारे एक जाणते माणूस नेमणे अधिक हिताचे. ते माणूस शिक्षकच असले पाहिजे असे नाही. कॉलेजात जाणारी थोरली बहीण किंवा मागाची दुरुस्ती करणारा काकाही हे काम शिकू शकतो.

पांडेसऱ्यातील पुष्कळ घरांत मुलाच्या हाती येणारे एकमेव यंत्र म्हणजे वडिलांचा मोबाइल, आणि तोही पाळी संपवून ते घरी आल्यावर. त्या मोबाइलवर मूल बहुधा पाहणारे व ऐकणारे असते. जुन्या संगणकावर ते लिहिणारे, रेखाटणारे आणि चुकले तर पुन्हा मांडणारे होऊ शकते. एखादे दिवशी प्रणाली बिघडलीच, तर पेन ड्राइव्हवरून ती पुन्हा बसविण्याची मुभा त्याला आहे. त्यासाठी कोणाकडे परवाना मागावा लागत नाही. ज्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे चालविली, त्या मुलाला एक यंत्र आतून-बाहेरून आपले म्हणता यावे, यासाठी एवढा खटाटोप करावयाचा.