ऑस्कर पात्रता प्रदर्शन

ऑस्कर पात्रता प्रदर्शन म्हणजे अकादमी पुरस्कारांच्या स्पर्धेत उतरता यावे म्हणून वर्ष संपण्यापूर्वी मोजक्या चित्रपटगृहांत केलेले चित्रपटाचे मर्यादित प्रदर्शन होय.

नियम

४० मिनिटांहून मोठा चित्रपट लॉस एंजेलस, न्यू यॉर्क, शिकागो इत्यादी सहा अमेरिकी महानगर क्षेत्रांपैकी एकात सलग सात दिवस, रोज किमान तीन खेळ, तिकीट लावून दाखवावा लागतो. २०२४ च्या चित्रपटांपासून 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या पुरस्कारासाठी अधिक शहरांतील प्रदर्शनही आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागास अमेरिकेतील प्रदर्शनाची अट नाही. त्यामुळे 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' व 'कोर्ट' हे मराठी चित्रपट भारताच्या प्रवेशिका म्हणून पाठवता आले.

इतिहास व वाद

'द डिअर हंटर' डिसेंबर १९७८ मध्ये लॉस एंजेलस व न्यू यॉर्क येथे आठवडाभर दाखवला गेला. व्यापक प्रदर्शन फेब्रुवारी १९७९ मध्ये झाले आणि त्यास पाच पुरस्कार मिळाले. 'रोमा' (२०१८) नेटफ्लिक्सवर येण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे निवडक चित्रपटगृहांत होता. त्यावरून चित्रपटगृहातील अनुभवाविषयी वाद झाला. बहुसंख्य रसिकांनी न पाहिलेल्या चित्रपटांवर पुरस्कारांची चर्चा रंगते, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. मोठ्या जाहिरातीचा खर्च न पेलणाऱ्या चित्रपटांना यामुळे संधी मिळते, असे समर्थक मानतात.