चेलो आणि पियानो : एका परदेशी जोडीची ओळख



आकाशवाणीची सभा सुरू होताना एक लहानशी धून वाजते. तंबोऱ्याचा सूर लागतो आणि त्यावर व्हायोलीन हलकेच फिरू लागते. पांढरकवडा असो, पुसद असो की वणी, ही धून कानी पडली की रेडिओ लागला हे घरातल्या पोरालाही कळते. जाणकार तिच्यात शिवरंजनी रागाची छाया सांगतात. ही धून १९३६ च्या सुमारास वाल्टर काउफमान या गृहस्थांनी बांधली, असे मानले जाते. हे काउफमान ना मुंबईचे, ना पुण्याचे. त्यांचा जन्म १९०७ साली मध्य युरोपातील कार्ल्सबाद या गावी झाला. तो भाग आज चेक देशात आहे. ते पियानो वाजवीत, वाद्यवृंद चालवीत आणि स्वतः रचना करीत. ते ज्या संगीतात वाढले त्यात चेलो आणि पियानो या दोन वाद्यांच्या जोडीला मोठा मान आहे. त्या जोडीची आज ओळख करून घेऊ.

पहिल्यांदा हे संगीत कानावर पडले तर आपल्याकडचा माणूस म्हणेल, "हे काय रडून रायलं गा?" त्यात त्याचा दोष नाही. गंमत अशी की १९३४ साली मुंबईस उतरल्यावर काउफमान यांनाही आपले संगीत ऐकून असेच वाटले होते. त्यांना ते परके आणि अगम्य वाटले. पण त्यांनी पुढे विचार केला की ज्या संगीतावर लाखो माणसे जीव लावतात ते बिनअर्थाचे असणार नाही. तेव्हा उणीव आपल्या कानात असली पाहिजे. मग ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. आपणही या जोडीपुढे तसेच बसून पाहू.

आधी चेलो. व्हायोलीन सर्वांनी पाहिले आहे. चेलो हे त्याच घराण्यातले, पण जवळजवळ चार फूट उंचीचे. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांमध्ये उभे धरतो आणि खालचा खिळा जमिनीवर टेकवतो. त्याला चार तारा असतात. सर्वांत खर्जातल्या तारेला 'सा' मानले तर दुसरी तार तिच्या पंचमात, तिसरी दुसरीच्या पंचमात, अशी चढती रांग लागते. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज तारांवर फिरतो. सतारीला असतात तसे पडदे चेलोला नसतात. त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते, म्हणजेच मींड घेता येते. आवाज पुरुषाच्या भरदार गळ्यासारखा असतो. आपल्या सारंगीचा आणि याचा स्वभाव एकच. पैनगंगेच्या दोन्ही काठांना प्रधान मंडळी किंगरी वाजवून गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गातात. ती किंगरीही गजानेच बोलते. तेव्हा चेलो हा या कुळातला थोरला भाऊ समजायला हरकत नाही.

आता पियानो. भजनी मंडळाची पेटी आपल्या ओळखीची आहे. पियानोच्या पट्ट्या तशाच काळ्या-पांढऱ्या, पण सगळ्या मिळून ८८. मात्र आत भाता नसतो. पट्टी दाबली की आत कापडी नमद्याने मढवलेली लहान हातोडी तारेवर बसते आणि मागे सरते. इटलीत १७०० च्या सुमारास क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने ही युक्ती काढली. पेटीचा सूर भाता चालू असेतो लांबतो. पियानोचा सूर ठोका पडताक्षणी मोठा असतो आणि मग विरत जातो. उलट, एकाच वेळी दहा बोटांनी अनेक स्वर वाजवून तो एकट्याने सारा मांडव भरून टाकतो.

दोघांचे स्वभाव असे उलटे आहेत. चेलोला सूर धरून ठेवता येतो, वाढवता येतो, वाकवता येतो. पण त्याची धाव मुख्यतः एका ओळीची. पियानोला स्वरांची गर्दी जमवता येते, पण त्याचे बारा स्वर सारख्या अंतरावर ठोकून बसवलेले. मधल्या जागी तो जाऊ शकत नाही. हे दोघे एकत्र बसले की तडजोड करावी लागते. चेलो कधी पियानोच्या पक्क्या स्वरावर येऊन टेकतो, कधी त्याला सोडून सरकतो. तबलजी साथ करतो तशी ही साथ नसते. दोघेही समान मानकरी. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, कधी दोघांनी एकदम बोलावे, असा हा प्रकार आहे.

या मधल्या जागांचा तंटा आपल्याही रेडिओवर झाला होता. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार मूळचे चेलोवादक. त्यांनी १९०५ साली चेलो-पियानोसाठी एक रचना केली आणि १९२७ साली ती सुधारली. तिच्यात पियानोला न सापडणारे अर्ध्या स्वराचेही अर्धे असे स्वर त्यांनी चेलोला दिले. हेच फोल्ड्स १९३५ साली हिंदुस्थानात आले आणि दिल्लीच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. आपल्या श्रुतींवर पेटीमुळे अन्याय होतो, अशी टीका त्यांनी १९३८ साली लेख लिहून केली. १९३९ साली कलकत्त्यास कॉलऱ्याने त्यांचा अंत झाला. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. १९७१ नंतर ती टप्प्याटप्प्याने उठली. ज्या पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही तिची इतकी वर्षे झालेली अडवणूक योग्य होती काय, हा वाद बाजूला ठेवू. परंतु तंट्याचे मूळ चेलो आणि पियानो यांच्या स्वभावातील फरकातच आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता काळाकडे वळू. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली पेटले. मधल्या एकवीस वर्षांत युरोपातील जुनी साम्राज्ये कोसळली, नवी राष्ट्रे निघाली. १९२३ साली जर्मनीत पैशाची किंमत इतकी घसरली की भाकरीसाठी नोटांचे गठ्ठे मोजावे लागत. शंभर वादकांचे ताफे पोसणे जड झाले. दोन-चार वाद्यांच्या रचनांना, लहान सभांना आणि नव्याने निघालेल्या रेडिओला मान आला. संगीतकारही जुन्या दरबारी थाटाला कंटाळले होते. कोणी अमेरिकेतून आलेल्या जाझच्या ठेक्याकडे वळले. कोणी खेड्यांकडे वळले.

हंगेरीचे बार्टोक आणि कोडाय हे दोघे तर पहिल्या युद्धाच्या आधीपासून फोनोग्राफ पाठीशी घेऊन खेडोपाडी हिंडत होते. म्हाताऱ्यांना गायला लावावे, मेणाच्या नळकांड्यावर आवाज उतरवून घ्यावा आणि घरी येऊन स्वर लिहावेत, असा त्यांचा उद्योग. १९२८ साली बार्टोक यांनी खेड्यातील सारंगियांसारख्या वादकांच्या चालींवर व्हायोलीन-पियानोची एक रचना बांधली आणि तीच चेलो-पियानोसाठीही करून दिली. चेक संगीतकार यानाचेक तर बाजारात, रस्त्यात माणसे कशी बोलतात तेही स्वरांत टिपून ठेवीत. 'परीकथा' या नावाची त्यांची चेलो-पियानोची रचना १९१० ची. तिला शेवटचे रूप त्यांनी १९२३ साली दिले. तीत एका राजपुत्राची रशियन गोष्ट आहे, पण शब्द एकही नाही.

हे दिवस टिकले नाहीत. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू कलावंतांना सभागृहे बंद झाली. १९२० साली चेलो-पियानोची सुंदर रचना करणारे कुर्ट वाइल त्याच वर्षी देश सोडून गेले. बार्टोक ज्यू नव्हते, तरी १९४० साली अमेरिकेस निघून गेले. चेक संगीतकार मार्टिनू पॅरिसमध्ये राहत. त्यांनी १९३९ साली चेलो-पियानोसाठी पहिली सोनाटा लिहिली. ती मे १९४० मध्ये पॅरिसला वाजली आणि पुढच्याच महिन्यात जर्मन फौजा त्या शहरात शिरल्या. या रचनांत एखादी सुरावट मध्येच तुटते, ठेका दचकतो, कधी चेलो एकटाच बोलत राहतो. या घटना ठाऊक असल्या की तो आवाज नुसता विचित्र वाटत नाही.

काउफमान ज्यू होते. बर्लिन आणि प्राग येथे ते शिकले. प्रागच्या विद्यापीठातील आपले मार्गदर्शक नाझी संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरची पदवी नाकारली आणि मुंबई गाठली. तेथे त्यांनी लहान वाद्यमेळांसाठी एक मंडळ काढले. काउफमान पियानोवर, मेहली मेहता व्हायोलीनवर, एडिजिओ व्हेर्गा हे इटालियन वादक चेलोवर, अशी मंडळी दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वाजवीत. पुढे जगभर नाव झालेले झुबिन मेहता हे या मेहली मेहतांचे चिरंजीव. श्रोते थोडे आणि शहरातले असत. १९३७ ते १९४६ काउफमान मुंबईच्या रेडिओवर होते. नंतर ते परदेशी गेले, अमेरिकेत प्राध्यापक झाले, आणि १९८४ साली वारले. उत्तर हिंदुस्थानच्या रागांवर त्यांनी १९६८ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला आपले संगीत आरंभी अगम्य वाटले त्या माणसाचे हे काम!

आणि आपल्या जिल्ह्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट राहिली. १९४१ साली काउफमान यांनी गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर अमेरिकेतील एका संगीत त्रैमासिकात लेख लिहिला. १९६० साली बस्तरकडील माडिया-मुरिया गोंडांच्या गाण्यांवर दुसरा लिहिला. बार्टोक हंगेरीत करीत होते तेच काम त्यांनी आपल्या गोंड बांधवांसाठी केले. ती गाणी मध्य प्रदेश-बस्तरकडची आहेत. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या आपल्या तालुक्यांतील नाहीत. आपली गाणी कोणी लिहिली?

येथे मला गुरुजी मंडळींना हाक घालायची आहे. कोलामांच्या पोडावर आणि गोंडांच्या गावी दंडारीची गाणी म्हणणारी म्हातारी माणसे आज थकली आहेत. जात्यावरची ओवी तर जाते गेले तशी निघून चालली. ते गेले की चालही जाईल, आणि चाल पुस्तकातल्या शब्दांवरून परत मिळत नाही. बार्टोक यांना जड फोनोग्राफ वाहावा लागला. आपल्या खिशातल्या मोबाइलवर आवाज उतरतो. गाणाऱ्याची परवानगी घ्यावी. त्याचे नाव, गाव, तारीख, गाणे कोणत्या सणाला म्हणतात, हे वहीत नोंदवावे. वर्गातील पाच-सात मुलांना हे काम द्यावे. मुले आजीजवळ बसतील, तेवढाही लाभ थोडका नाही.

ऐकण्याबद्दल एक साधी रीत सांगतो. यानाचेक यांची 'परीकथा' मोबाइलवर मिळते. सुमारे बारा मिनिटांची, तीन भागांची आहे. पहिल्यांदा फक्त चेलोकडे कान ठेवा. आरंभी पियानो बोलतो आणि चेलो गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडून उत्तरे देतो, ते मुलांना लगेच सापडेल. दुसऱ्यांदा फक्त पियानो ऐका. तिसऱ्यांदा दोघे. मग मुलांना विचारा : कोण प्रश्न विचारतो, कोण रुसतो, कोण समजूत काढतो? एकही उत्तर चूक म्हणू नका. त्यानंतर त्याच वर्गात किंगरी वाजवणारा एखादा वडीलधारा बोलवावा, त्याला मानाने बसवावे आणि तीच मुले, तेच कान घेऊन त्याला ऐकावे.