मुलांची उमेद

मुलाने ‘मी अमुक होणार’ म्हणतांच घरोघर हशा पिकतो, आणि पेढीवर तर लागलीच त्याच्यापुढे रोजकीर्द सरकविली जाते. १८७५ साली कोकणातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेकरिता सह्याद्रि ओलांडून पायी साताऱ्यास गेले. वयास सतरा वर्षे पूर्ण होती. परंतु मूर्ति लहान दिसते, एवढ्यावरून त्यांस परत लाविण्यात आले. परीक्षक निदान परके तरी होते! आम्ही पोटच्या पोराची इच्छा अशीच अंगलटीवरून जोखतो. मुलाने दुकान संभाळावे ही बापाची अपेक्षा गैर नव्हे; परंतु त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्यास भांडवल लागत नाही. मुलींस तर पुष्कळ घरी हे कोणी विचारीतही नाही. आणि त्याच कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठास शतक उलटून गेले आहे.