दोन रकान्यांची वही

निवडणूक आली की गल्लीत भोंगे वाजतात, पत्रकं घरोघरी येतात. पण हा उमेदवार विधानसभेत जाऊन करणार काय, हे कुणी विचारतं का?

आपल्या नाशिकचीच गोष्ट. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड १९३७ साली मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्यांचा पक्ष डॉ. आंबेडकरांचा, स्वतंत्र मजूर पक्ष. कुळांना खोतांच्या जाचातून सोडवू, असं त्याच्या जाहीरनाम्यात होतं. खोत म्हणजे कोकणातला सारा वसूल करणारा जमीनदार.

मग पुढे? बाबासाहेब सप्टेंबर १९३७ मध्येच खोती रद्द करण्याचं विधेयक घेऊन सभागृहात उभे राहिले. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. ते काही मंजूर झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा काढला. तरी कायदा आला तो स्वातंत्र्यानंतरच!

शब्द पाळणं इतकं अवघड असतं. म्हणून तर आपण लक्ष ठेवायचं. वहीत दोन रकाने आखा, 'काय म्हणाले' आणि 'काय केलं'. पहिला पत्रक वाचून आजच भरा. दुसऱ्याला पाच वर्षं आहेत. तोवर तुमच्यापैकी कितीतरी जण मतदार झालेले असतील!