वास क्लोरीनचा नव्हे!

छत्रपती संभाजीनगरला नळाचे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून आणावे लागते. अशा शहरात पोहण्याचा तलाव वरचेवर रिकामा करणे परवडत नाही. तेच पाणी गाळून, क्लोरीन मिसळून पुन्हा वापरतात. तलावाला उग्र वास आला, की आपण म्हणतो, ‘क्लोरीन जास्त झाला!’ प्रत्यक्षात घाम व लघवीतील युरिया, अमोनिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन संयुगे तयार होतात. वास त्यांचा, डोळे चुरचुरतात तेही बरेचसे त्यांच्यामुळेच. असा अडकलेला क्लोरीन जंतू मारण्यात दुबळा ठरतो. म्हणून उतरण्याआधी साबणाने अंघोळ करावी. जुलाब होत असतील तर घरीच थांबावे. विद्यार्थ्यांना घेऊन तलावावर गेलो, तर तेथे क्लोरीन व सामू कसे तपासतात ते जरूर पाहू. सामू ७.२ ते ७.८ असावा.