पॅटागोनियांतील वेल्श उत्सव

२८ जुलै १८६५ रोजीं ‘मिमोसा’ जहाजांतून सुमारें दीडशें वेल्श माणसें दक्षिण अमेरिकेंतील पॅटागोनियाच्या ओसाड किनाऱ्यावर उतरलीं. इंग्रजीच्या दडपणाखालीं आपली केल्टिक मातृभाषा बुडूं नये, म्हणून त्यांनीं मायदेश सोडला होता. अर्जेंटिनाच्या चुबूत खोऱ्यांतील त्यांचे वंशज अजूनहि तो दिवस पाळतात. प्रार्थनामंदिरांत चहा, लोणी-पाव नि काळा केक असा थाट असतो. चहाचें हें माहात्म्य आपणांस परकें वाटूं नये! भाषेची खरी कसोटी मात्र ‘आइस्टेद्वॉद’ या काव्यगायनाच्या मेळ्यांत लागते. तेथें उत्कृष्ट वेल्श कवितेस मानाचें आसन मिळतें, स्पॅनिश कवितेस मुकुट. पूर्वज निघाले इंग्रजीला भिऊन. घराघरांतून वेल्श मागें सारली ती स्पॅनिशनें, आणि त्याच व्यासपीठावर मुकुट तिच्याच कवीच्या मस्तकीं चढतो.